मतदान संपते, जबाबदारी संपत नाही

प्रतिनिधी, वसई

युद्ध थांबल्यानंतर वर्षभरात निवडणुका घेऊ, असे आश्वासन पॅलेस्टिनी प्राधिकरणाचे अध्यक्ष मेहमूद अब्बास यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेला दिले. इस्रायलमध्ये १ नोव्हेंबर २०२२ च्या मतदानातून निवडून आलेल्या क्नेसेटची, म्हणजे तेथील संसदेची, कायदेशीर मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. त्यामुळे या भूमीच्या दोन्ही बाजूंना मतपेटीची चर्चा सुरू झाली. लोकांनी आपले प्रतिनिधी निवडले की शांततेची वाट मोकळी होईल, असा विश्वास जगातील अनेक राजधान्यांत व्यक्त होतो. मात्र हाच विश्वास २००६ मध्येही व्यक्त झाला होता, आणि त्या निवडणुकीनंतर जे घडले त्याची किंमत दोन्हीकडचे सामान्य लोक आजपर्यंत मोजत आहेत. निवडणुकीनंतर बाहेरच्या जगाची जबाबदारी नेमकी कोणती, हा प्रश्न म्हणूनच पुन्हा समजून घेणे आवश्यक ठरते.

वसईकरांना हा प्रश्न परका नाही

वसई-विरार परिसरातील ख्रिस्ती घरांत बेथलेहेम, नाझरेथ, जेरुसलेम ही नावे लहानपणापासून कानांवर पडतात. येथून पवित्र भूमीच्या यात्रेला जाणाऱ्या भाविकांना या संघर्षाचा भूगोल आपोआपच समजतो. नाझरेथ इस्रायलमध्ये आहे, तर बेथलेहेम वेस्ट बँकमध्ये. जेरुसलेमहून बेथलेहेमचे अंतर दहा किलोमीटरच्या आसपास. पण त्या वाटेवर इस्रायलने उभारलेली उंच काँक्रीटची भिंत आणि लष्करी तपासणी नाका लागतो. वसईच्या नंदाखाल गावचे सुपुत्र, 'सुवार्ता' मासिकाचे अनेक वर्षांचे संपादक आणि २०२० च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी याच भूमीवर 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' हे पुस्तक लिहिले. भाविकाच्या श्रद्धेचा विषय असलेली भूमी राजकीय संघर्षाची भूमी म्हणूनही मराठी वाचकांसमोर आली.

महाराष्ट्राचे दुसरे नाते बेने इस्रायल समाजाचे. कोकणात शतकानुशतके राहिलेला आणि मराठी हीच मातृभाषा मानणारा हा समाज १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेला. अश्दोद, बिरशेबा, दिमोना, लोद, रामला अशा शहरांत ही कुटुंबे स्थिरावली आणि 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही त्यांनी तेथे चालवले. यातील अश्दोद आणि बिरशेबा ही शहरे गाझा पट्टीतून सुटणाऱ्या रॉकेटच्या टप्प्यात येतात. या संघर्षात बेथलेहेमच्या भिंतीआड राहणारी माणसे आहेत, तशी अश्दोदच्या निवाऱ्यात धावणारी मराठी भाषिक माणसेही आहेत.

मतदान मान्य, निकाल अमान्य

पॅलेस्टिनी संसदेची निवडणूक २५ जानेवारी २००६ रोजी झाली. ती घ्यावी असा आग्रह अमेरिकेचा होता, आणि हमास या संघटनेने निवडणूक लढवण्यास अब्बास यांनी संमती दिली होती. युरोपीय संघाचे निरीक्षक आणि अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या पथकाने मतदानावर देखरेख ठेवली. मतदान खुले आणि शांततापूर्ण झाल्याचा निर्वाळा त्यांनी दिला.

निकाल मात्र अनेकांच्या अपेक्षेविरुद्ध गेला. १३२ पैकी ७४ जागा हमासला मिळाल्या. चार दशके पॅलेस्टिनी राजकारणावर वर्चस्व गाजवणाऱ्या फताहला ४५ जागांवर समाधान मानावे लागले. या आकड्यांमागील गणित समजून घेण्यासारखे आहे. निम्म्या, म्हणजे ६६ जागा पक्षांच्या यादीनुसार मतांच्या प्रमाणात वाटल्या गेल्या. तेथे हमासला २९ आणि फताहला २८ जागा मिळाल्या. म्हणजे लोकमत जवळपास समसमान विभागले होते. उरलेल्या ६६ जागा मतदारसंघांतून निवडल्या गेल्या. तेथे फताहच्या बंडखोरांनी आपल्याच पक्षाची मते फोडली, हमासने शिस्तीने उमेदवार उभे केले, आणि ४५ विरुद्ध १७ असा निकाल लागला. भ्रष्टाचाराला कंटाळलेल्या अनेक मतदारांनी फताहला शिक्षा दिली, असेही तेव्हाच्या निरीक्षकांचे मत होते. या मतदानातून इस्रायलविरुद्ध युद्धाचा कौल निघाला, असे म्हणणे सरळसोट ठरेल.

तरीही प्रश्न खरा होता. हमासच्या १९८८ च्या सनदेने इस्रायलचे अस्तित्वच नाकारले होते; बसगाड्यांत आणि बाजारांत आत्मघाती स्फोट घडवून या संघटनेने शेकडो नागरिकांचे प्राण घेतले होते. अमेरिकेने १९९७ मध्ये आणि युरोपीय संघाने २००३ मध्ये तिचा समावेश दहशतवादी संघटनांच्या यादीत केला होता. अशा संघटनेच्या हाती सरकार गेल्यावर मदतीचा ओघ पूर्वीसारखाच चालू ठेवा, असे कोणत्याही देशाच्या करदात्याला सांगणे सोपे नव्हते.

तीन अटी आणि एक उणीव

या संघर्षात मध्यस्थी करण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघ, अमेरिका, युरोपीय संघ आणि रशिया या चौघांचा गट २००२ मध्ये स्थापन झाला होता. त्याने ३० जानेवारी २००६ रोजी लंडनमधील बैठकीनंतर आपली भूमिका जाहीर केली. नव्या सरकारने हिंसाचाराचा त्याग करावा, इस्रायलला मान्यता द्यावी आणि पूर्वीचे करार पाळावेत. देणगीदार देश या कसोटीवर आपल्या मदतीचा फेरविचार करतील, असे तिचे स्वरूप होते.

तिन्ही अटी आपापल्या जागी वाजवी होत्या. उणीव दुसरीकडे होती. याच चौघांच्या गटाने एप्रिल २००३ मध्ये जो शांतता आराखडा जाहीर केला होता, त्यात दोन्ही पक्षांवर एकाच वेळी पाळावयाची बंधने होती. पॅलेस्टिनींनी हिंसाचार थांबवायचा होता. इस्रायलने व्यापलेल्या भूमीतील वसाहतींची वाढ गोठवायची होती आणि मार्च २००१ नंतर उभारलेल्या चौक्या हटवायच्या होत्या. २००६ मध्ये पहिल्या बंधनाच्या भंगाला शिक्षा ठरली, दुसऱ्या बंधनाच्या भंगाला काहीच ठरले नाही. त्या वर्षी वेस्ट बँकमध्ये सुमारे अडीच लाख इस्रायली वसाहतवासी होते. आज ही संख्या पाच लाखांच्या घरात आहे, आणि तीत पूर्व जेरुसलेमचा हिशेब धरलेला नाही.

पंचाने एकाच संघाचे फाऊल मोजले, तर दुसरा संघ नियम पाळण्याची शक्यता कमीच. आणि ज्याचे फाऊल मोजले जातात तो खेळच सोडतो. संयुक्त राष्ट्रसंघाचे तत्कालीन विशेष प्रतिनिधी अल्वारो द सोतो यांनी पद सोडताना मे २००७ मध्ये लिहिलेला गोपनीय अहवाल पुढे फुटला. वाटाघाटींना चालना देण्यासाठी असलेला हा गट व्यापलेल्या प्रदेशातील लोकांच्या निवडून आलेल्या सरकारवर निर्बंध लादणारी संस्था बनला, असा त्यांच्या टीकेचा आशय होता.

जकातीची नाडी

निर्बंधांचा परिणाम इतक्या लवकर का झाला, याचे उत्तर १९९४ च्या पॅरिस आर्थिक करारात आहे. पॅलेस्टिनी प्रदेशात येणारा माल इस्रायलच्या बंदरांतून व नाक्यांतून येतो. त्यावरील जकात इस्रायल गोळा करतो आणि दरमहा पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या हवाली करतो. त्या काळी ही रक्कम महिन्याला सुमारे पाच कोटी डॉलर होती. ती इस्रायलने रोखली, पाठोपाठ अमेरिका आणि युरोपची थेट मदत थांबली. प्राधिकरणाच्या सुमारे दीड लाख कर्मचाऱ्यांत शिक्षक, परिचारिका, पोलीस असे सारेच होते आणि त्यांचे पगार थकले. एका पगारावर सात-आठ माणसे जगणाऱ्या समाजात याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

उपासमार टाळण्यासाठी युरोपीय संघाने जून २००६ मध्ये एक तात्पुरती यंत्रणा उभारली. सरकारला वगळून रुग्णालयांना इंधन आणि गरीब कुटुंबांना भत्ता पोहोचवण्याचे काम तिने केले. माणसे जगली, मात्र ज्या संस्था उभारण्यासाठी जगाने दहा वर्षे पैसा ओतला होता, त्या खिळखिळ्या झाल्या. हमासने मवाळ व्हावे हा निर्बंधांचा हेतू होता. प्रत्यक्षात पैसा आणि शस्त्रे मिळवण्यासाठी तिने इराणसारख्या अन्य वाटा धरल्या.

सौदी अरेबियाच्या पुढाकाराने फेब्रुवारी २००७ मध्ये मक्केत फताह आणि हमास यांच्यात समझोता झाला आणि मार्चमध्ये संयुक्त सरकार आले. निर्बंध मात्र उठले नाहीत. जूनमध्ये दोन्ही गट रस्त्यावर एकमेकांवर तुटून पडले. गाझा हमासच्या ताब्यात गेली, वेस्ट बँकमध्ये अब्बास यांनी सलाम फय्याद यांचे सरकार नेमले. इस्रायल आणि इजिप्त यांनी गाझाच्या सीमा आवळल्या. एका निवडणुकीतून एकाच लोकांची दोन सरकारे जन्मली. त्यानंतर २००८-०९, २०१२, २०१४ आणि २०२१ मध्ये गाझात युद्धे भडकली.

पुढील संसदीय निवडणूक २२ मे २०२१ रोजी ठरली होती. ३६ याद्या रिंगणात होत्या. पूर्व जेरुसलेममध्ये मतदानाची हमी नसल्याचे कारण देऊन अब्बास यांनी ती एप्रिलच्या अखेरीस लांबणीवर टाकली. अब्बास स्वतः जानेवारी २००५ मध्ये चार वर्षांसाठी निवडून आले होते. २०२५ संपेपर्यंतचा हिशेब केला, तर २००६ च्या मतदानावेळी अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या एकाही पॅलेस्टिनी नागरिकाला संसदेसाठी कधी मत देता आले नव्हते.

इस्रायली मतदाराचे भय

ही कहाणी एका बाजूने पूर्ण होत नाही. इस्रायलने सप्टेंबर २००५ मध्ये गाझातून सुमारे आठ हजार वसाहतवासी आणि सारे सैन्य मागे घेतले होते. त्यानंतरही स्देरोत शहरावर रॉकेट पडत राहिले. जून २००६ मध्ये गिलाद शालित या इस्रायली सैनिकाचे अपहरण झाले. जमीन सोडली तर शांतता मिळत नाही, हा धडा बहुसंख्य इस्रायली मतदारांनी त्यातून घेतला. मार्च २००६ मध्ये आणखी माघारीचे आश्वासन देणाऱ्या एहुद ओल्मर्ट यांना कौल मिळाला होता. फेब्रुवारी २००९ च्या निवडणुकीनंतर बेंजामिन नेतान्याहू पुन्हा सत्तेवर आले आणि राजकारणाचा लंबक उजवीकडे सरकत गेला.

पुढे ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने केलेल्या हल्ल्यात सुमारे १,२०० जण मारले गेले आणि २५१ जणांना ओलीस नेण्यात आले. त्यानंतरच्या इस्रायली लष्करी कारवाईत दोन वर्षांत गाझातील ६५ हजारांहून अधिक लोकांचा मृत्यू झाल्याचे तेथील आरोग्य खात्याचे आकडे सांगतात. इस्रायली मतदार सुरक्षेसाठी मत देतो आणि पॅलेस्टिनी मतदार अपमान संपावा म्हणून मत देतो. दोन्ही मते खरी आहेत. पण ती एकमेकांना ऐकू येत नाहीत. ती ऐकू यावीत अशी व्यवस्था करणे हेच तिसऱ्या पक्षाचे काम.

जबाबदारी कायद्याने येते

बाहेरच्या देशांची जबाबदारी सदिच्छेपुरती मर्यादित नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारांचे पहिलेच कलम करार स्वतः पाळण्याचे आणि इतरांकडून पाळले जातील हे पाहण्याचे बंधन प्रत्येक सहभागी देशावर घालते. नागरिकांवर हल्ले करणे आणि ओलीस ठेवणे जसे निषिद्ध आहे, तसेच व्यापलेल्या भूमीत आपले नागरिक वसवणेही निषिद्ध आहे. सुरक्षा परिषदेच्या डिसेंबर २०१६ मधील २३३४ क्रमांकाच्या ठरावाने वसाहती बेकायदा ठरवल्या आणि त्याच ठरावात दहशतवादाचाही निषेध केला. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ मध्ये व्यापलेल्या प्रदेशातून जाणारी भिंत आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध असल्याचे मत दिले. त्याच न्यायालयाच्या १९ जुलै २०२४ च्या सल्लावजा मतानुसार पॅलेस्टिनी प्रदेशातील इस्रायलचे अस्तित्वच बेकायदा असून, ती स्थिती टिकवण्यास मदत न करण्याचे बंधन इतर देशांवर आहे. अशा मताची सक्तीने अंमलबजावणी होत नाही. पण आपण केवळ प्रेक्षक आहोत, असे म्हणण्याची सोय कोणत्याही देशाला आता उरलेली नाही.

भारताचा हिशेब

या प्रश्नाशी भारताचा संबंध स्वातंत्र्याइतकाच जुना आहे. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने नेमलेल्या पॅलेस्टाइन समितीत भारत होता. इराण आणि युगोस्लाव्हियासह त्याने फाळणीऐवजी संघराज्याची योजना मांडली आणि २९ नोव्हेंबर १९४७ रोजी फाळणीच्या ठरावाविरुद्ध मत दिले. इस्रायलला भारताने सप्टेंबर १९५० मध्ये मान्यता दिली आणि संपूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी १९९२ मध्ये जोडले. पॅलेस्टाइन राष्ट्राला नोव्हेंबर १९८८ मध्ये मान्यता दिली. द्विराष्ट्र तोडग्याला पाठिंबा देणाऱ्या न्यूयॉर्क जाहीरनाम्याच्या बाजूने १२ सप्टेंबर २०२५ रोजी आमसभेत १४२ देशांनी मत दिले. त्यांत भारत होता.

शांतिसेनेचा अनुभव तर थेट गाझातला आहे. सुएझ संघर्षानंतर १९५६ मध्ये तेथे गेलेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या आणीबाणी दलात भारतीय सैनिक होते. लेफ्टनंट जनरल पी. एस. ग्यानी आणि मेजर जनरल इंदरजित रिखी या भारतीय अधिकाऱ्यांनी त्याचे नेतृत्व केले. मे १९६७ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांच्या मागणीवरून हे दल काढून घेण्याचा निर्णय झाला. ५ जूनला युद्ध पेटले, आणि अद्याप परत न निघालेले काही भारतीय सैनिक गाझात प्राणास मुकले. सुमारे दहा वर्षे सीमा शांत ठेवणारे दल एका पक्षाच्या मागणीने हटू शकत असेल, तर ती हमी किती पक्की, हा प्रश्न तेव्हापासून अनुत्तरित आहे.

वसईच्या दोन तहांचा धडा

हमी देणाऱ्याचा हेतू काय, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर वसईच्याच इतिहासात सापडते. ऑक्टोबर १८०२ मध्ये पुण्याजवळ होळकरांकडून पराभव झाल्यावर दुसरा बाजीराव पेशवा वसईच्या आश्रयाला आला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने इंग्रजांशी तह केला. इंग्रज त्याला गादीवर बसवणार आणि शांतता राखणार होते. मोबदल्यात किमान सहा हजार शिपायांची फौज कायमची पदरी आली, तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख गेला आणि इतर सत्तांशी परस्पर बोलणी करण्याचा अधिकारही गेला. वर्ष उलटण्याच्या आत दुसरे इंग्रज-मराठा युद्ध पेटले आणि १८१८ मध्ये पेशवाईच संपली. शांततेचा जामीनदार स्वतःच हिस्सेदार असला की काय होते, हे सांगायला याहून जवळचे उदाहरण नाही.

त्याआधी ६३ वर्षे, मे १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी प्रदीर्घ वेढ्यानंतर याच किल्ल्यात पोर्तुगीजांशी तह केला. पोर्तुगीजांना सन्मानाने जाऊ देण्यात आले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना आपला धर्म पाळण्याची मुभा मिळाली. तो समाज आजही वसईत नांदतो आहे. मागे उरणाऱ्या माणसांचा विचार तहात झालेला असला, तर तह टिकतो.

आता कसोटी कोणाची?

ऑक्टोबर २०२५ मध्ये गाझात युद्धविराम झाला. सुरक्षा परिषदेने १७ नोव्हेंबर २०२५ रोजी २८०३ क्रमांकाचा ठराव १३ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केला. रशिया आणि चीन तटस्थ राहिले. गाझाच्या तात्पुरत्या कारभारासाठी अमेरिकेच्या पुढाकाराने शांतता मंडळ आणि सुरक्षेसाठी आंतरराष्ट्रीय दल, अशी ही रचना असून तिला डिसेंबर २०२७ अखेरपर्यंतची मुदत आहे.

या रचनेची परीक्षा तीन ठिकाणी होईल. पहिली, निवडणूक घ्या असे सांगणारे देश निकालापूर्वीच आपल्या अटी जाहीर करतात की निकाल पाहून ठरवतात. शस्त्रे खाली ठेवल्याशिवाय उमेदवारी नाही, ही अट मतदानाआधी घातली तर तो नियम ठरतो. मतदानानंतर घातली तर मतदाराला ती शिक्षा वाटते. दुसरी, इस्रायलमध्ये जे सरकार येईल त्यालाही वसाहती आणि पूर्वीचे करार यांबाबत तीच मोजपट्टी लावली जाते का. तिसरी, शिक्षकाचा पगार आणि रुग्णालयाचे इंधन राजकीय दबावाचे साधन म्हणून पुन्हा वापरले जाते का.

२००६ च्या जानेवारीत पॅलेस्टिनी शाळांच्या खोल्यांत मतदारांच्या रांगा लागल्या होत्या. बोटाला शाई लावून माणसे घरी गेली. त्यांनी आपले काम चोख केले होते. निरीक्षकांनीही त्याची नोंद केली. त्यानंतरचे काम इतरांचे होते.